शिंतो देवस्थान कसे पाहावे : टोकियोच्या मेइजी जिंगूतून एक पायवाट

देवस्थान म्हटले की मराठी माणसाच्या मनात गाभारा, मूर्ती आणि दर्शन असा क्रम ठरलेला असतो. शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवस्थानात, ज्याला तेथे जिंजा म्हणतात, ही अपेक्षा दाराबाहेर ठेवूनच शिरावे लागते. देवाचे निवासस्थान मानली जाणारी मुख्य वास्तू सर्वांत मागे, एक किंवा अनेक कुंपणांच्या आड असते; तिची दारे भाविकांसाठी उघडत नाहीत; आणि आत बहुतेक ठिकाणी मूर्ती नसून आरसा, तलवार किंवा दगड यांसारखी एखादी वस्तू असते, जी पाहण्याची रीत नाही. त्यामुळे ‘मंदिराची इमारत’ पाहायला गेलेला प्रवासी बंद दारासमोर दोन मिनिटे उभा राहतो, छायाचित्र काढतो आणि काहीसा हिरमुसून परततो. जिंजाची खरी रचना जमिनीवर मांडलेली असते. वाट, वळण, पाणी, कुंपण आणि थांबण्याच्या जागा यांतून ती उलगडते, आणि इमारत हा तिचा शेवटचा, बराचसा झाकलेला भाग असतो. हा क्रम पायांनी कसा वाचावा, हे या लेखात एका प्रत्यक्ष देवस्थानाच्या आधारे सांगितले आहे.

त्यासाठी टोकियोतील मेइजी जिंगू निवडले आहे. पहिल्या भेटीसाठी बहुतेक जण क्योटोच्या फुशिमी इनारीचे, म्हणजे डोंगरभर पसरलेल्या शेंदरी कमानींचे नाव सुचवतात. पण तेथील दृश्य इतके वेगळे आणि गर्दी इतकी दाट असते की जिंजाची नेहमीची मांडणी नवख्याच्या ध्यानात येणे अवघड जाते. मेइजी जिंगू वयाने लहान आहे. सम्राट मेइजी १९१२ मध्ये आणि सम्राज्ञी शोकेन १९१४ मध्ये निवर्तल्यानंतर त्या दोघांच्या स्मृतीला वाहिलेले हे देवस्थान १९२० मध्ये उभे राहिले. मात्र ते बांधणाऱ्यांनी जुन्या परंपरेचे एकेक अंग विचारपूर्वक, प्रशस्त मोजमापाने मांडले असल्यामुळे शिकण्यासाठी याहून सोयीची जागा राजधानीत तरी नाही.

जाण्यापूर्वी

देवस्थान सूर्योदयाला उघडते आणि सूर्यास्ताला बंद होते. वेळा महिन्यागणिक बदलतात; जूनमध्ये संध्याकाळी साडेसहापर्यंत आत राहता येते, तर डिसेंबरमध्ये ४ वाजताच दरवाजे मिटतात, हे हिवाळ्यात जाणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. प्रवेशाला शुल्क नाही. शक्य असेल तर आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळी लवकर जावे. १ ते ३ जानेवारी या दिवसांत मात्र अजिबात जाऊ नये, कारण नववर्षाच्या पहिल्या दर्शनासाठी येथे तीस लाखांच्या आसपास लोक येतात आणि त्या रांगेत पुढच्या माणसाच्या पाठीखेरीज काहीही दिसत नाही.

वस्त्रांचा काही नियम नाही. वाट खडीची असल्याने चालायला सोयीचे बूट असावेत. पादत्राणे काढावी लागतात ती फक्त विधीसाठी एखाद्या वास्तूच्या आत बोलावले गेल्यास. चालताना खाणे, धूम्रपान करणे अयोग्य समजले जाते. आणखी एक गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागणार नाही : घरात मृत्यू झाला असल्यास साधारण ५० दिवस जिंजात न जाण्याचा प्रघात जपानमध्ये आहे, कारण शिंतो परंपरेत मृत्यू ही अशुचितेची बाब मानली जाते. आपल्या सुतकाशी त्याचे नाते सहज लक्षात येते. बाहेरून आलेल्या पाहुण्याला कोणी विचारत नाही, पण प्रघात ठाऊक असावा.

पहिला टप्पा : तोरी

जेआर (जपान रेल्वे) मार्गावरील हाराजुकू किंवा भुयारी रेल्वेच्या मेइजी-जिंगुमाए स्थानकातून बाहेर पडून रेल्वेवरचा पूल ओलांडला की समोर लाकडी कमान दिसते. ही तोरी. दोन खांब आणि त्यांवर दोन आडव्या तुळया एवढाच तिचा ऐवज. तिला दार नसते, भिंत नसते, छप्परही नसते. येथून पुढची जमीन वेगळी आहे एवढेच ती सांगते. म्हणून तोरीच्या आधी क्षणभर थांबून किंचित वाकून नमस्कार करावा आणि मग आत जावे. परतताना पलीकडे गेल्यावर मागे वळून पुन्हा तसेच करावे. वाटेचा मधला भाग देवाच्या जाण्यायेण्याचा मानतात, त्यामुळे एका कडेने चालण्याचा शिष्टाचार आहे. गर्दीच्या दिवशी तो कोणीच पाळत नाही, तरी सकाळच्या वेळी वयस्कर मंडळी अगदी काठाने चालताना दिसतील.

तोरीपाशी आणखी दोन मिनिटे द्यावीत, कारण पुढे कोणत्याही जिंजात उपयोगी पडेल असा पहिला भेद येथेच शिकता येतो. वरची तुळई दोन्ही टोकांना किंचित वर उचललेली आहे का, तिच्या खालची आडवी पट्टी खांबांच्या आरपार जाऊन बाहेर डोकावते का, आणि खांब आतल्या बाजूला थोडे कललेले आहेत का, ते पाहावे. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर ती म्योजिन प्रकारची तोरी. मेइजी जिंगूतील तोऱ्या याच प्रकारच्या आहेत आणि देशभर हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. वरची तुळई सरळ असेल आणि खालची पट्टी खांबांपाशीच संपत असेल तर ती शिन्मेइ प्रकारची, जुन्या साधेपणाची तोरी. इसे या जपानमधील सर्वांत मानाच्या देवस्थानात ती दिसते. रंगावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. शेंदरी रंग इनारी या भाताच्या देवतेच्या देवस्थानांत ठळक असला तरी असंख्य जिंजांत तोरी बिनरंगी लाकडाची किंवा दगडाचीच असते.

दुसरा टप्पा : सांदो आणि अरण्य

तोरीपासून मुख्य वास्तूकडे नेणाऱ्या वाटेला सांदो म्हणतात. मेइजी जिंगूत ही वाट दहा-पंधरा मिनिटांची आहे आणि माझ्या मते या देवस्थानाचा सर्वोत्तम भाग तोच आहे. येथे पाय मुद्दाम हळू टाकावेत. खडीवर पावलांचा आवाज होतो, वाट थोडी उतरते, एका लहान पुलावरून जाते आणि पुन्हा चढते. हाराजुकूच्या बाजारातील गोंगाट काही मिनिटांत मागे पडतो.

आजूबाजूची झाडी पाहून कोणालाही वाटेल की शहराने गिळण्यापूर्वीच्या जुन्या रानाचा हा तुकडा उरला असावा. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या शोगुनांच्या (लष्करी शासकांच्या) राजवटीत, ही जमीन काही काळ कातो आणि नंतर ई या सरदार घराण्यांकडे होती, पुढे ती राजघराण्याकडे आली, आणि देवस्थान ठरले तेव्हा तिचा मोठा भाग शेत, गवत आणि ओसाड रान असाच होता. सुमारे ७० हेक्टरांचे हे अरण्य माणसांनी लावले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आणि त्या वेळच्या वसाहतींतून सुमारे एक लाख झाडे भेट म्हणून आली, त्यांच्या ३६५ जाती होत्या, आणि सुमारे १ लाख १० हजार तरुण स्वयंसेवकांनी वाटा तयार करण्याचे व लागवडीचे काम केले.

देवस्थानाला अरण्य हवेच, हा विचार सजावटीतून आलेला नाही. चिंजु नो मोरी, म्हणजे देवस्थानाचे राखीव रान, ही जुनी कल्पना आहे आणि अनेक ठिकाणी देव आधी त्या रानात किंवा डोंगरात वसतो, इमारत मागाहून येते, असे मानले जाते. नारा प्रांतातील ओमिवा देवस्थानाला तर आजही मुख्य वास्तूच नाही. तेथे मिवा डोंगर हाच देह मानून त्याच्याकडे तोंड करून प्रार्थना करतात. आपल्याकडील सह्याद्रीच्या गावांतील देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही कल्पना परकी वाटू नये.

मेइजी जिंगूचे अरण्य कसे असावे यावर मात्र वाद झाला. तेव्हाचे पंतप्रधान ओकुमा शिगेनोबू यांना इसे किंवा निक्को येथे आहे तशी सुगी (जपानी सीडर) वृक्षांची, सरळसोट आणि गंभीर राई हवी होती. होंदा सेइरोकू, होंगो ताकानोरी आणि उएहारा केइजी या वनशास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला. टोकियोची कोरडी माती आणि कारखान्यांचा व आगगाड्यांचा धूर सुगीला मानवणार नाही, हे त्यांनी निक्कोतील आणि टोकियोतील सुगीच्या वाढीची तुलना दाखवून पटवून दिले. त्यांनी सुचवले ते वेगळेच होते : आरंभी उंच पाइन, त्यांच्याखाली हिनोकी आणि सुगीसारखे सूचिपर्णी, आणि सर्वांत खाली ओक, त्याच्याच कुळातील शी व कापराची सदाहरित झाडे लावायची, वरची झाडे आपला काळ संपवून पडत जातील, खालची वर येतील, आणि सुमारे शंभर वर्षांत माणसाने न लावता आपोआप उगवत राहणारे सदाहरित रान तयार होईल. आज सांदोवरून दिसते ते बहुतांशी हेच. देवस्थानाची शताब्दी भरण्याच्या थोडे आधी झालेल्या पाहणीत येथे सुमारे ३६ हजार झाडे मोजली गेली; आकडा घटला, याचा अर्थ रान खालावले असा न घेता मोठ्या झाडांनी आपापली जागा घेतली असा घ्यावा.

वाटेवर लांब झाडू घेऊन पाने गोळा करणारी माणसे दिसतील. ती पाने बाहेर टाकली जात नाहीत, पुन्हा झाडांखाली नेऊन पसरतात. अरण्यातून काहीही बाहेर न्यायचे नाही हा त्या शास्त्रज्ञांच्या योजनेतील नियम आहे, आणि म्हणून पाहुण्यानेही पान, काटकी, शंकूफळ असे काही खिशात घालू नये.

पुढे गेल्यावर वाटेच्या एका बाजूला साकेची पेंढ्याने गुंडाळलेली पिंपे आणि समोरच फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातील वाइनची लाकडी पिंपे रचलेली आढळतात. साके हे देवाला अर्पण करण्याचे परंपरागत पेय आहे. वाइन मात्र सम्राट मेइजी यांना पाश्चात्त्य जेवण व वाइन आवडत असे म्हणून. छायाचित्रे सर्वाधिक येथेच निघतात. फार रेंगाळू नये.

तिसरा टप्पा : मोठी तोरी आणि वळण

उत्तरेकडून येणारी वाट जेथे मिळते तेथे लाकडाची प्रचंड तोरी उभी आहे. उंची १२ मीटर, रुंदी १७.१ मीटर, खांबांचा व्यास १.२ मीटर आणि वजन सुमारे १३ टन. मूळ तोरीवर १९६६ मध्ये वीज पडली. आताची १९७५ मधील आहे आणि तिच्यासाठी तैवानच्या डोंगरातून १,५०० वर्षांहून जुने मानले जाणारे सायप्रसचे झाड आणावे लागले, कारण एवढ्या मापाचे लाकूड जपानमध्ये मिळाले नाही. वरच्या तुळईवरील सोनेरी शेवंती हे राजघराण्याचे चिन्ह.

या तोरीतून गेल्यावर वाट सरळ मुख्य वास्तूकडे जात नाही. ती पुढे एका कोपऱ्यात जवळजवळ काटकोनात वळते. हे वळण ८८ अंशांचे असल्याचे सांगतात, कारण ८ हा आकडा शुभ. मला या गणितापेक्षा त्याचा परिणाम महत्त्वाचा वाटतो. वळेपर्यंत पुढे काय आहे ते दिसत नाही, आणि वळल्यावर शेवटची तोरी आणि तिच्या पलीकडचा दरवाजा एकदम समोर येतो. वाटेत वळण, चढ किंवा पूल घालून लक्ष्य झाकून ठेवणे ही युक्ती अनेक जुन्या देवस्थानांत आढळते. इसेच्या नाइकूत, म्हणजे तेथील आतल्या देवस्थानात, उजी हा १०१.८ मीटरांचा लाकडी पूल ओलांडून इसुझू नदीकाठाने वळसा घेत जावे लागते, आणि दगडी पायऱ्यांच्या तळाशी पोहोचेपर्यंत मुख्य आवार नजरेस पडत नाही.

चौथा टप्पा : पाणी

आवारात शिरण्याआधी एक छप्पर असलेला उघडा मांडव आणि त्याखाली दगडी किंवा लाकडी हौद दिसतो. याला तेमिझुया म्हणतात. पूर्वी नदीत उतरून अंग धुवावे लागे, त्याचा हा संक्षेप आहे. इसेच्या नाइकूत आजही नदीच्या काठावर हात धुता येतात. कृती अशी : उजव्या हातात पळी घेऊन एकदाच भरावी आणि त्याच पाण्यात सगळे उरकावे. प्रथम डाव्या हातावर पाणी घालावे, मग पळी डाव्या हातात घेऊन उजव्या हातावर, मग पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या तळव्यात थोडे पाणी घ्यावे व त्याने चूळ भरावी, डावा हात पुन्हा धुवावा, आणि शेवटी पळी उभी धरून उरलेले पाणी दांड्यावरून ओघळू द्यावे, म्हणजे पुढच्या माणसासाठी ती स्वच्छ राहते. पळीला ओठ लावू नयेत आणि चूळ हौदात टाकू नये, बाहेरच्या खडीवर टाकावी. २०२० नंतर काही देवस्थानांनी पळ्या काढून वाहत्या पाण्याची सोय केली आहे. तेथे फक्त हात धुतले तरी चालते.

पाचवा टप्पा : दरवाजा, अंगण आणि प्रार्थना

दक्षिणेचा मोठा दरवाजा, मिनामी शिन्मोन, उंबरठ्यावर पाय न देता ओलांडावा. एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य वास्तू आणि प्रार्थनेचा मंडप जळाले, पण हा दरवाजा वाचला. १९२० चे सुतारकाम जवळून पाहायचे असेल तर ते येथेच. पानांवरील कोरीव धातूकामात बदामाच्या आकाराची छिद्रे दिसतील. तो प्रेमाचा बदाम नाही, रानडुकराचा डोळा या नावाचे जुने संरक्षक चिन्ह आहे.

आत गेल्यावर चौकोनी, मोकळे, दगडी फरशीचे अंगण लागते आणि गर्द वाटेनंतर एकाएकी आकाश दिसते. डावीकडे शिमेनावा या पेंढ्याच्या जाड दोराने जोडलेली कापराची दोन झाडे आहेत, ती नवरा-बायको मानतात. दोराला लटकवलेले नागमोडी पांढरे कागद म्हणजे शिदे. दोर आणि कागद जेथे दिसेल ती वस्तू, झाड असो, दगड असो, पवित्र समजावी आणि तिला हात लावू नये. शनिवारी-रविवारी अंगणातून लग्नाची मिरवणूक जाते : पुढे पुरोहित, मागे लाल छत्रीखाली वधूवर. बाजूला उभे राहावे.

समोरची वास्तू हाइदेन, म्हणजे प्रार्थनामंडप. सर्वसाधारण भाविक याच्या पुढे जात नाहीत. दानपेटीत नाणे हळूच टाकावे, घंटा असेल तर वाजवावी (मेइजी जिंगूत ती नाही), दोन वेळा कमरेतून खोल वाकावे, छातीसमोर दोन टाळ्या वाजवाव्यात, हात जोडून मनात जे असेल ते बोलावे आणि पुन्हा एकदा वाकावे. हा क्रम देशभर एकसारखा झाला तो मेइजी काळापासून, म्हणजे सम्राट मेइजींच्या १८६८ ते १९१२ या कारकिर्दीपासून. इझुमो ताइशा या पश्चिम जपानमधील प्राचीन देवस्थानात आजही दोनऐवजी चार टाळ्या वाजवतात. दानपेटीजवळ आणि मंडपाच्या आतील भागाचे छायाचित्र घेण्यास मनाई आहे. प्रदक्षिणा घालण्याची पद्धत येथे नाही, आणि मागे जायला वाटही नाही.

सहावा टप्पा : छप्पर वाचणे

आता मुख्य वास्तूकडे, होंदेनकडे, वळू. हाइदेनच्या मागे तिचे छप्पर डोकावते तेवढेच पाहायला मिळते, आणि जिंजाची शैली ओळखायला तेवढे पुष्कळदा पुरते. मेइजी जिंगूचे होंदेन नागारे शैलीचे आहे. आढ्याच्या दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या पाख्यांपैकी पुढचे पाखे मागच्यापेक्षा लांब असते आणि वाकत वाकत पायऱ्यांवर येऊन त्यांना पावसापासून झाकते. बाजूने पाहिल्यास छपराची रेषा पुढे ओघळल्यासारखी दिसते. देशातील सर्वाधिक होंदेने याच शैलीत आहेत, आणि क्योटोजवळील उजी गावातील उजिगामी देवस्थानाचे, टिकून राहिलेल्यांपैकी सर्वांत जुने मानले जाणारे होंदेनही तिच्याच कुळातील आहे. त्याच्या लाकडावरून काळ इ.स. १०६० च्या सुमाराचा ठरला आहे. मेइजी जिंगूचे मूळ छप्पर हिनोकीच्या सालीच्या थरांचे होते. १९५८ च्या पुनर्बांधणीत आगीच्या धास्तीने तांब्याचे पत्रे आले. सालीच्या छपराची मऊ, जाड कड तांब्यात उतरत नाही असे मला वाटते, पण बॉम्बच्या वर्षावात जळालेले छप्पर ज्यांनी पाहिले होते त्यांच्या निर्णयावर बोट ठेवणे सोपे नाही.

दुसरी टोकाची शैली म्हणजे इसेची शिन्मेइ. तेथे पाखी सरळ असतात, वळण कोठेच नाही, खांब जोत्यावर किंवा दगडावर न ठेवता थेट जमिनीत पुरलेले असतात, छप्पर गवताचे, आणि आढ्याच्या दोन टोकांना भिंतीपासून अलग उभे असे दोन स्वतंत्र खांब आधार देतात. छपराच्या टोकांना आकाशात फुली मारल्यासारखी वर गेलेली लाकडे म्हणजे चिगी, आणि आढ्यावर आडवे ठेवलेले ओंडके म्हणजे कात्सुओगी. नाइकूत चिगींची टोके आडवी कापलेली आणि कात्सुओगी १० आहेत. गेकूत, म्हणजे इसेच्या बाहेरच्या देवस्थानात, टोके उभी कापलेली आणि ओंडके ९. टोक आडवे असेल तर देवी आणि उभे असेल तर देव, असा ठोकताळा वाटाडे सांगतात. पण गेकूची देवता स्त्री असूनही तेथील टोके उभी आहेत, तेव्हा त्यावर विसंबू नये.

पुरलेले खांब ओल धरतात आणि गवत कुजते, त्यामुळे अशी वास्तू टिकवण्याचा मार्ग ती पुन्हा बांधणे हाच राहतो. इसेत दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तीच वास्तू नव्याने उभारून देवाला तेथे नेतात. पहिला असा सोहळा ६९० मध्ये झाला असे नोंदवले आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवी युद्धांच्या काळात दीर्घ खंड पडला होता, ६२ वा २०१३ मध्ये झाला आणि पुढचा २०३३ मध्ये आहे. जुने लाकूड वाया जात नाही : आढ्याला आधार देणारे ते मोठे खांब उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोऱ्या बनतात, आणि आणखी २० वर्षांनी दुसऱ्या गावांच्या तोऱ्यांसाठी जातात. म्हणून इसेची इमारत जुनी की नवी, या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही.

तिसरी ओळख प्रवेशाच्या बाजूची. इसे आणि मेइजी जिंगूत प्रवेश आढ्याला समांतर असलेल्या लांब बाजूने आहे. इझुमोच्या १७४४ मधील, २४ मीटर उंच होंदेनात तो छपराचा त्रिकोण दिसतो त्या बाजूने, तोही मध्यावर नसून एका बाजूला सरकलेला आहे. एवढे तीन प्रश्न, म्हणजे पाखी सरळ की वळलेली, पुढचे पाखे लांब की सारखे, प्रवेश कोणत्या बाजूने, मनाशी ठेवले की निम्म्याहून अधिक देवस्थानांची शैली ओळखता येते.

आवारातील बाकीच्या गोष्टी

लाकडी फळ्यांवर इच्छा लिहून टांगतात त्या एमा, ताईत ते ओमामोरी, भेटीची हस्तलिखित नोंद आणि शिक्का तो गोशुइन. हे सर्व कार्यालयाच्या खिडकीत मिळते आणि नवख्याला याबाबत अडचण येत नाही. इतर देवस्थानांत ओमिकुजी या चिठ्ठ्यांवर भाग्य-दुर्भाग्य लिहिलेले असते. मेइजी जिंगूत त्याऐवजी सम्राट किंवा सम्राज्ञी यांची वाका या पारंपरिक प्रकारातील एक छोटी कविता मिळते. वेळ असल्यास ५०० येन देऊन आतील बागेत जावे. सम्राटाने सम्राज्ञीसाठी लावून घेतलेले आयरिसचे ताटवे जूनमध्ये फुलतात आणि कातो घराण्यातील सरदार कियोमासा याच्या नावाने ओळखली जाणारी विहीर तेथेच आहे.

अन्य देवस्थानांत वाटेच्या दोन्ही बाजूंना कोमाइनू, म्हणजे सिंहासारखे दोन रक्षक प्राणी दिसतील. एकाचे तोंड उघडे, दुसऱ्याचे मिटलेले. ही ‘अ’ आणि ‘उन’ची जोडी, संस्कृत ओंकाराची दोन टोके, बौद्ध मार्गाने भारतातून तेथवर पोहोचली. इनारी देवस्थानांत त्यांच्या जागी कोल्हे असतात.

दुसरी भेट : नेझू

मेइजी जिंगूत होंदेन जवळून दिसत नाही, ही उणीव त्याच दिवशी भरून काढता येते. मेइजी-जिंगुमाएहून चियोदा मार्गाची गाडी थेट नेझू स्थानकाला जाते. तेथून काही मिनिटांवर नेझू जिंजा आहे. पाचवा शोगुन त्सुनायोशी याने १७०६ मध्ये बांधलेल्या येथील सात वास्तू भूकंप, आगी आणि बॉम्ब यांतून आजवर टिकल्या आहेत. ही गोंगेन शैली : पुढचे हाइदेन, मधला जोडमंडप आणि मागचे होंदेन एकाच सलग छपराच्या गुंत्यात बांधलेले, लाल-काळ्या लाखेने आणि सोन्याने मढवलेले. सकाळच्या बिनरंगी लाकडानंतर हे सारे भडक वाटते, आणि काही जणांना ते शिंतो वाटतच नाही. मुळात १८६८ मध्ये सरकारी आज्ञेने वेगळे केले जाईपर्यंत जिंजा आणि बौद्ध मंदिर शतकानुशतके एकमेकांत मिसळलेले होते, आणि बेंझाइतेन या नावाने आपली सरस्वतीही त्याच वाटेने जिंजांत जाऊन बसली.

नेझूत करायचे काम एकच. समोर नमस्कार करून झाल्यावर आवाराभोवतीच्या जाळीदार लाकडी कुंपणाच्या बाहेरून बाजूला चालत जावे. जाळीतून पुढचे छप्पर कोठे संपते, मधले कसे खाली जाते आणि मागचे कसे वर उठते, हे एका नजरेत येते. मेइजी जिंगूत जो भाग कल्पनेने भरावा लागला तो येथे डोळ्यांना दिसतो. एप्रिलमध्ये गेल्यास शेजारच्या उतारावर अझेलिया फुललेल्या असतात आणि त्या दिवसांत बागेपुरते शुल्क घेतात. त्याच उताराच्या पायथ्याशी ओतोमे इनारी या लहान देवस्थानाकडे जाणारी शेंदरी तोऱ्यांची रांग आहे. प्रत्येक तोरीच्या मागच्या बाजूला ती अर्पण करणाऱ्याचे नाव लिहिलेले असते, म्हणून ती अक्षरे परतताना वाचता येतात, जाताना दिसत नाहीत.

इसेला जाण्याचा बेत असेल तर रिवाजानुसार आधी गेकू आणि मग नाइकू पाहावे. दोन्हींमध्ये काही किलोमीटरांचे अंतर असून बसची सोय आहे, आणि गेकू रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याजोगे आहे. तेथे चार कुंपणांच्या आड छपराचे टोक तेवढे दिसेल. त्यानंतर शेजारचा मोकळा, खडीने झाकलेला चौक अवश्य पाहावा : मधोमध एक लहानशी लाकडी टपरी आहे, तिच्याखाली मध्यखांबाची जागा राखलेली आहे, आणि २०३३ चे होंदेन तेथेच उभे राहील.